वाऱ्याकडे नेलेलं घर

तालुक्याच्या गावात, दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्यांकडून ऐकाल तर गोष्ट अशी आहे: गोंचिगनं हुरेन खिंडीत ओवोच्या दगडांतच पवनचक्कीचा खांब रोवला, डोंगराच्या धन्याची झोप मोडली, आणि धन्यानं संतापून एका फुंकरीत त्याचा अख्खा कळप उडवून नेला. त्यातले जे जास्त रंगात येतात ते असंही सांगतात की मेंढ्या आभाळात चढताना गोंचिगच्या शेजाऱ्यानं, दाम्बानं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या.

दाम्बा त्या दुपारी स्वतःच्या गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, पालथा पडून घोरत होता, हे त्याच्या बायकोला विचारा. ओवो, म्हणजे डोंगराच्या धन्यासाठी रचलेली ती दगडांची रास, खिंडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. गोंचिगचा खांब अलीकडे होता. आणि खांब रोवण्याआधी त्यानं राशीभोवती फेऱ्या घालून दूधही शिंपडलं होतं. कळपातल्या थोड्या मेंढ्या आजही जिवंत आहेत, चरताहेत, कोणीही जाऊन बघावं. तेव्हा डोंगराच्या धन्याला यात उगाच गोवू नये. जे झालं ते गोंचिगच्या दोन हातांनी झालं, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी पक्की दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही.

गोंचिग तसा साधा गडी. बुटका, घोड्यावर बसून बसून पाय कमानीसारखे झालेले, टोपी कायम उजव्या कानावर कललेली. खोऱ्यात कोणाच्या रेडिओचा घसा बसला की तो त्याच्याकडे यायचा आणि बहुतेक वेळा बोलायला लागून परत जायचा. त्याचा थोरला मुलगा राजधानीत गाडी चालवतो, मुलगी दूर वाळवंटाकडे दिलेली. घरात उरला तो धाकटा, ओत्गो. आमच्याकडे धाकट्यानंच आईबापाची चूल राखायची असते. थोरले पांगतात, धाकटा विस्तवापाशी बसतो. त्यामुळे ओत्गो होता तोवर गोंचिगला म्हातारपणाची धास्ती नव्हती.

मग ओत्गोनं लग्न केलं. सून सोलोंगो गावात वाढलेली, शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला असणाऱ्या बाईची मुलगी. हसरी, कामाला वाघ. पहिला हिवाळा तिनं मुकाट काढला. बर्फ वितळवायचा, त्यात कपडे बुडवायचे, हाताची कातडी फुटून बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. दुसऱ्या शरदात, गाडीवर सामान बांधता बांधता, तिनं सासऱ्याला सरळ सांगून टाकलं.

"बाबा, राग मानू नका. कपडे धुवायचं यंत्र चालेल एवढी वीज झाली तर मी इथंच राहते, म्हातारी होईपर्यंत राहते. नाहीतर हिवाळ्यात मला गावात जाऊ द्या."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. पण गोंचिगला त्यातला पुढचा भागही ऐकू आला, जो ती बोललीच नव्हती. ही गेली की ओत्गो हिच्या मागं जाणार. ओत्गो गेला की चूल गेली.

"यंत्र आण," गोंचिग म्हणाला. "विजेचं मी बघतो."

त्या दिवसापासून त्याच्या अंगात आलं. घरात एक सौर पट्टी होती, एक लहान पवनचक्की होती, बाजूला एक बॅटरी. दिवा लागायचा, फोन भरायचा, संध्याकाळी थोडा टीव्ही. तेवढ्यावर खोरं सुखी होतं. गोंचिग आता त्या पट्टीच्या मागं हात धुऊन लागला. सकाळी तिचं तोंड पूर्वेला, दुपारी दक्षिणेला, मग पश्चिमेला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून द्यावी तसा तो तिला वळवायचा. हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला धरून चालतो म्हणून त्यानं पट्टी जवळजवळ उभीच केली. तिच्यापुढच्या बर्फावरून उलटा उजेड येतो हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हापासून पाहुण्यांची पंचाईत झाली.

"कुत्रा धरा!" अशी पाहुण्याची नेहमीची हाक देत दाम्बा घोडा दौडवत आला, तर हा समोरून हात हलवत धावला. "मागून ये, मागून! पुढचा बर्फ मळवू नको!"

"अरे, तुझ्या घराचं दार पुढं आहे ना?"

"फेरी मारून ये."

"घोड्याला पाय पुसायला सांगू का?" दाम्बानं विचारलं, आणि आत येऊन खारा चहा पिता पिता ती गोष्ट त्यानं पुढचा अख्खा हिवाळा खोरंभर वाटायची असं ठरवून टाकलं.

मुक्काम हलवताना तर कहरच झाला. सामान गाडीवर, पण पट्टी मात्र उंटाच्या पाठीवर, बॅटरी खोगीराच्या पिशवीत, म्हणजे वाटेतलं ऊनसुद्धा फुकट जायला नको. उंट उत्तरेकडे चालला होता, ऊन दक्षिणेला. दाम्बा वाट अडवून उभा. "गोंचिग, उंटाला उलटं चालायला शिकव. बाकी सगळं जमलंय."

अशातच जिल्ह्याच्या गावाहून खुलान आली. ही मुलगी सरकारी जीपमधून खोऱ्याखोऱ्यांतून फिरून लोकांना असली यंत्रं कशी सांभाळायची ते शिकवायची. तिनं गोंचिगला एक लहान पेटी बसवून दिली आणि वडीलधाऱ्यांना लावतात ते 'गुआइ' लावून समजावलं, "गोंचिग गुआइ, पट्टीकडून वीज जास्त ओढली तरी ती कमी देते, कमी ओढली तरी कमी देते. नेमकी किती ओढली म्हणजे सगळ्यात जास्त मिळेल, ते ही पेटी सारखं शोधत असते."

गोंचिगची बायको दोल्जिन चुलीपाशी बसून ऐकत होती. "एवढं तर गाय पिळणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. त्याला पेटी कशाला?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि आम्ही शेवटचं दूध वासराला ठेवतो. तुझी पेटी कोणाला ठेवते?"

"सूर्याला वासरू नसतं," गोंचिग म्हणाला. सगळे हसले. दोल्जिनही हसली.

पण पेटी बसवली, पट्टी वळवली, बर्फ राखला, तरी धुण्याचं यंत्र दोन गिरक्या घ्यायचं आणि दमल्यासारखं गप्प व्हायचं. हिवाळ्याचा दिवस तो केवढा! सूर्याकडून मिळायचं तेवढं सगळं मिळत होतं. राहिला वारा.

आणि वाऱ्याचंच तर दुखणं होतं. गोंचिगचं हिवाळी ठाणं नोमगोनमध्ये. तिन्ही बाजूंनी टेकड्या, मधे खोलगट जागा. त्याच्या आजोबांनी ती निवडली ती वारा लागू नये म्हणूनच. आमच्याकडे हिवाळ्याची जागा निवडणारा माणूस तेवढी एकच गोष्ट बघतो. तिथं दगडी कोंडवाडा आहे, आणि कोंडवाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेंड्या तुडवून तुडवून झालेली जाड जमीन आहे, जी थंडीत खालून ऊब देते. त्या ऊबदार, निवांत जागेत पवनचक्की म्हणजे जेवून उठलेल्या म्हाताऱ्यासारखी. कधी मान हलवली तर हलवली.

"वर खिंडीत किती वारा असतो?" खुलाननं विचारलं.

"टोपी राहत नाही डोक्यावर."

"म्हणजे इथल्या दुप्पट तरी धरा. गुआइ, वारा दुप्पट झाला तर वीज दुप्पट होत नाही. आठपट होते."

ती बिचारी शिकवत होती, दुसरं काय. पण गोंचिगच्या डोक्यात ते आठपट असं जाऊन बसलं की चहाचा वाडगा हातातच थंड झाला.

आधी त्यानं शहाण्यासारखं केलं. चक्की वर खिंडीत उभी केली आणि तार खाली नोमगोनपर्यंत ओढली. पण एवढ्याशा दाबाची वीज लांबच्या तारेत वाटेतच जिरते. खाली दिव्यात विझत आलेल्या निखाऱ्याएवढी लाली आली, बस. म्हणजे वारा खाली येत नव्हता आणि वीजही येत नव्हती. मग उरलं काय? घर वर न्यायचं.

हे त्यानं सांगितलं तेव्हा दोल्जिननं हातातलं काम खाली ठेवलं.

"आपण वर. आणि मेंढरं?"

"मेंढरं इथंच, त्यांच्या कोंडवाड्यात. ती ऊबदार जमीन काही उचलून नेता येत नाही. ओत्गो सकाळ-संध्याकाळ घोड्यावरून येईल जाईल. कुत्रा आहेच."

"मेंढरं कानाच्या टप्प्यात हवीत, म्हाताऱ्या. रात्री एक मेंढी वेगळी ओरडली तर मला झोपेत कळतं. वरून काय कळणार?"

"तुला सून हवीय की नको?"

 सून तिलाही हवी होती. ती उठली आणि गेरचे दोर सोडायला लागली.

खिंडीतला तो हिवाळा, खरं सांगायचं तर, गोंचिगच्या आयुष्यातला सगळ्यात दिमाखाचा होता. चक्की दिवसरात्र घूं घूं करत फिरायची. धुण्याचं यंत्र धडधडायचं आणि सोलोंगो त्याच्याजवळ हातात हात घेऊन उभी राहायची, कोणाला पहिलं बाळ दाखवावं तशी. तिच्या बोटांच्या भेगा भरून आल्या. पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला टीव्हीवरच्या कुस्त्या बघायला सारं खोरं खिंडीत लोटलं. गेरमध्ये माणूस मावेना, उकडलेल्या मांसाच्या मोदकांच्या, बूजच्या, वाफेनं टीव्हीचा पडदा पुसावा लागत होता, आणि दारापाशी प्रत्येकाचा फोन भरायला लावलेला. दाम्बा तोंडात अख्खा बूज कोंबून म्हणाला, "गोंचिग, आजवर तुला हसलो ते सगळं परत घेतो. कुस्त्या संपेपर्यंत."

ओत्गो बायकोशेजारी बसला होता. गोंचिगनं त्या दोघांकडे बघितलं आणि त्याला वाटलं, झालं. बसलं पोरगं विस्तवापाशी.

चक्कीच्या आवाजात टीव्ही मोठा लावावा लागायचा, एवढीच काय ती तक्रार. खालचा कुत्रा भुंकला तर वर ऐकू यायचा नाही, पण आता ते कोणी बोलत नव्हतं. दोल्जिनसुद्धा.

वसंतात शेळ्यांची मऊ लोकर विंचरून काढतात. गोंचिगच्या शेळ्यांची झाली, मग दाम्बाकडच्या सुरू झाल्या, तेव्हा हात लावायला म्हणून दोल्जिन सुनेला घेऊन तिकडे गेली होती. त्या दिवशी सकाळ काचेसारखी स्वच्छ. ओत्गोनं कळप कोंडवाड्याखालच्या उतारावर सोडला आणि दुपारी चहाला वर आला. खाली घर असतं तर त्याला चहासाठी कळपाकडे पाठ फिरवावी लागली नसती, पण आता हे म्हणायचं कशाला.

वारा वाढला. गोंचिगला आधी आनंदच झाला. बॅटरी काठोकाठ भरली. आणि इथंच गंमत असते या यंत्रांची: वीज घेणारं कोणी उरलं नाही की चक्कीला अडवणारंही कोणी उरत नाही, ती मोकाट सुटते. घूं घूं होतं त्याची किंकाळी झाली. खांब थरथरायला लागला, एका बाजूचा ताण-दोर जमिनीतल्या खुंटीसकट सैल झाला. गोंचिगनं चक्कीच्या तारा एकमेकींना जोडून तिला रोखायला पाहिलं, तिनं जुमानलं नाही.

ओत्गो बाहेर आला. त्यानं पश्चिमेकडे बघितलं. तिथं आभाळ आणि जमीन यांच्यामधे एक मळकट पांढरी भिंत उभी राहिली होती.

"बाबा, मी कळपाकडे जातो." त्याचा एक पाय रिकिबीत होता.

"थांब! आधी हे धर!"

"बाबा, ते बघा..."

"दिसतंय मला! एकट्यानं खांब उतरत नाही. एवढा खाली घेऊ, मग दोघं जाऊ. धर दोर!"

पोरानं पाय काढला आणि दोर धरला. बापाचं ऐकायचं अशीच त्याला सवय लावलेली होती.

त्यांनी खांब उतरवला. अगदी अलगद, तान्हं बाळ निजवावं तसा. एका पात्याचा टवकाही उडाला नाही. मान वर केली तेव्हा घोड्याचे कान दिसेनात.

वादळात मेंढरं वाऱ्याला पाठ करून चालतात. ऊबदार कोंडवाडा हाकेवर असला, तरी कोणी पुढं होऊन तोंड वळवलं नाही तर ती वाऱ्याबरोबरच जातात. बापलेक खाली पोचले तेव्हा कोंडवाड्याचं दार उघडं होतं आणि आत बर्फ भरत होता. ते हाका मारत राहिले. वादळ ओसरल्यावर कुत्र्याच्या आवाजावरून मेंढरं सापडली. घळीच्या तळाशी, एकमेकांवर रचलेली. नुकती लोकर काढलेल्या शेळ्यांपैकी तर एकही वाचली नाही. घळीच्या कडेला कपारीत घुसलेल्या काही मेंढ्या वाचल्या. कुत्रा तिथंच बसला होता, हलायला तयार नव्हता.

पुढचे काही दिवस सगळं खोरं मेलेल्या मेंढरांची कातडी सोलायला येत होतं. दाम्बानं त्या काळात एकही विनोद केला नाही, आणि जाताना आपल्या चांगल्या गाभण मेंढ्या काही न बोलता यांच्या कळपात सोडून गेला. तसं आमच्याकडे करतातच. दोल्जिन रोज नवऱ्यापुढे चहा ठेवायची, वाडगा दोन्ही हातांनी द्यायची, पूर्वीसारखाच. ती जे बोलली नाही त्यानंच गोंचिग आतून कोळपत गेला.

पण सगळ्यात जास्त वाट त्यानं बघितली ती ओत्गोच्या बोलण्याची. पोरानं एकदा ओरडावं. "तुम्ही मला थांबवलंत" एवढं म्हणावं. म्हणजे मग त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं, रडता तरी आलं असतं. ओत्गो सुरी चालवत राहिला. एकदा गोंचिगनंच विषय काढला.

"मी म्हटलं नसतं, आधी हे धर, तर..."

"तरी पोचलो नसतो कदाचित, बाबा."

"कदाचित?"

ओत्गोनं सुरी पुसली. "कदाचित."

गवत हिरवं झालं तेव्हा एके सकाळी तो बापासमोर बसला. "बाबा, राहिलेल्या मेंढ्यांना एक माणूस पुष्कळ झाला. दादाच्या ओळखीनं गाडीवर काम मिळतंय. सोलोंगोलाही तिकडे काहीतरी मिळेल."

"वीज तर आहे रे," गोंचिगच्या तोंडून निघून गेलं.

"हो," पोरगा म्हणाला. "वीज चांगली आहे."

सोलोंगो निघताना सासूच्या गळ्यात पडून खूप रडली. यंत्र तिनं नेलं नाही. "आईंना होईल," म्हणाली. दोल्जिननं ते आजतागायत लावलेलं नाही. त्यात ती वाळवलेल्या दह्याच्या वड्या ठेवते, झाकण घट्ट बसतं म्हणून. ते मात्र पायरीवरच्या लोकांना अजून कळलेलं नाही, कळलं तर आणखी एक वर्ष पुरेल.

उन्हाळाभर खिंडीत ऊनही होतं आणि वाराही, चक्की पुन्हा उभी होती. घरात वीज ठेवायला जागा नव्हती. गोंचिग सगळे दिवे लावायचा, टीव्ही लावायचा, आणि बाहेर जाऊन बसायचा. दोल्जिन आतून विचारायची, "बघत नाहीस तर बंद करू?" तो म्हणायचा, "असू दे." कधी फोन हातात घेऊन ओत्गोचं नाव काढायचा आणि परत खिशात ठेवायचा. पोरगा फोन करायचा, नाही असं नाही. तब्येत विचारायचा, गवत विचारायचा. त्या दिवसाचं नाही.

शरदात मात्र गोंचिगनं कोणाला न विचारता गेरचे दोर सोडले आणि सगळं पुन्हा नोमगोनला आणलं. चक्कीही आणली, सवयीनं उभी केली. ती फिरत नव्हती म्हटलं तरी चालेल. पट्टी एकदा दक्षिणेला लावली ती तशीच. पुढच्या बर्फावरून मेंढ्या जात, पाहुणे जात, कोणी कोणाला अडवत नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर खुलानची जीप आली. तिला मधलं काही ठाऊक नव्हतं, बिचारी दुसऱ्या खोऱ्यांत होती. दाम्बा तिथंच चहा पीत बसलेला. खुलाननं पेटी तपासली, बाहेर जाऊन चक्कीकडे बघितलं, आत येऊन हातावर हात मारला.

"गोंचिग गुआइ! काय हे? चक्की खाली आणलीत, पट्टी वळवत नाही, तिच्यावर धूळ. जेवढी वीज मिळू शकते तिचा दहावा भागसुद्धा तुम्ही घेत नाही. बाकी सगळी वाया चाललीय."

दाम्बानं उगाच खोकून बघितलं, तिला डोळ्यांनी गप्प करायचा प्रयत्न केला. तिनं काही ते बघितलं नाही. "अशी वाया का घालवता? सगळी काढता येते, मी शिकवलंय तुम्हाला."

गोंचिगनं तिच्यापुढे वड्यांची ताटली सरकवली.

"सगळी काढली होती, पोरी. वर खिंडीत, एक हिवाळा. मग ती वापरायला आम्ही दोघंच उरलो."